कोटाच्या खिशातली बाळंतीण

मास्तरांनी चाळीस वर्षांत दिलेली वेळ कधी चुकवली नव्हती. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, कपडे शिवणारे. माणूस इतका बुजरा की छातीचं माप घेतानाही नजर टेपवरून वर जायची नाही. बायको म्हणायची, ह्यांना गावातल्या सगळ्या कमरा पाठ आहेत, चेहरे तेवढे विचारू नका.

अशा माणसाच्या गळ्यात नातीने शुगर ग्लायडर बांधली आणि शिकायला परगावी निघून गेली. खारीपेक्षा लहान, राखाडी रंगाची, पाठीवर काळा पट्टा. पुढच्या पायापासून मागच्या पायापर्यंत सैल कातडी, ती ताणून कपाटावरून पडद्यावर अलगद तरंगत जायची. दिवसभर मात्र झोप. पोटाला पिशवी आणि पिशवीत शेंगदाण्याएवढं पिल्लू. आजीने, म्हणजे मास्तरीणबाईंनी, एकदा बघून घेतलं आणि म्हणाल्या, "उंदराला पंख काय कमी होते, आता पिशवीपण." पण नाव त्यांनीच ठेवलं, बाईसाहेब.

निघताना नात दारातून परत आली होती. "आजोबा, मागचं पिल्लू माझ्या हलगर्जीपणाने गेलं. हे जगवा." तेव्हापासून रोज फोन यायचा. आधी पिल्लू कसं आहे, मग आजोबा कसे आहेत.

प्राण्यांच्या डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या होत्या. एक, आईला दिवसा अंधार, ऊब आणि शांतता हवी. दचकली तर पिल्लू टाकून देते, कधी खाऊनही टाकते. दुसरी, तिच्या झोपायच्या कापडात सुटा धागा नको, बोटाला गुंडाळला की बोट गेलं. ही दुसरी गोष्ट मास्तरांच्या जिव्हारी लागली. सुटा धागा, आणि त्यांच्या हातचा! त्यांनी स्वतःसाठी चार जाकिटं शिवली. प्रत्येकाला आतून डावीकडे, छातीशी, फ्लॅनेलचा खोल खिसा. शिवण अशी दाबलेली की भिंगाने शोधली तरी टोक सापडू नये.

बाईसाहेब त्या खिशात झोपायच्या आणि मास्तर मशीन चालवायचे. मशीनच्या आवाजाचं तिला काही नव्हतं, माणसांच्या आवाजाचं होतं. "हळू बोला, बाळंतीण झोपलीय," मास्तर टेपकडे बघत पुटपुटायचे. गिऱ्हाईक आधी मास्तरांकडे, मग पासष्टीच्या मास्तरीणबाईंकडे बघायचं आणि निमूट माप देऊन जायचं.

त्याच सुमारास हेडसरांचा कोट शिवायला आला. हायस्कूलचे हेडसर निवृत्त होत होते. पोरं त्यांना भोंगा म्हणायची, कारण ते व्हरांड्यात बोलले की पलीकडच्या दवाखान्यातले रोगी उठून बसत. जुना कोट अंगाला बरोबर बसायचा, म्हणून मास्तरांनी त्याचीच शिवण उसवून तुकड्यांवरून नवा बेतला. ही त्यांची नेहमीची पद्धत. समारंभ पाच वाजता, कोट चार वाजता.

त्या दिवशी सकाळी पिल्लू पहिल्यांदा पिशवीबाहेर आलं. डोळे मिटलेले, आईच्या पोटाला चिकटलेलं. मास्तरांनी नातीला कळवलं आणि आनंदात चहा दोनदा प्यायले. दुपारी कोटाला इस्त्री करताना वाफेचा त्रास नको म्हणून त्यांनी जाकीट जपून खुंटीवर अडकवलं. इस्त्री झाल्यावर कोट शेजारच्या खुंटीवर लावला आणि हात धुवायला गेले. परत आले तर जाकिटाचा खिसा रिकामा.

मशीनखाली पाहिलं, चिंध्यांच्या टोपलीत पाहिलं. मग मास्तरीणबाईंनी कोटाकडे बोट दाखवलं. "ह्या कोटाला आतून फुगवटा कसला?"

मास्तरांनी कोट उघडून आत पाहिलं. डावीकडे, छातीशी, फ्लॅनेलचा खोल खिसा. चार जाकिटांची सवय लागलेल्या हाताने हेडसरांच्या कोटालाही तोच खिसा लावून टाकला होता. बाईसाहेबांनी नवं कोरं घर बघितलं आणि लेकरासह बिऱ्हाड हलवलं.

उसवायची सुई जवळ नेताच आतून गंजलेल्या बिजागरीसारखा आवाज आला. मास्तरांनी हात मागे घेतला आणि डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, आज बोटसुद्धा लावू नका, अंधार पडला की ती आपोआप बाहेर येईल. आणि तोवर अंगाची ऊब मिळाली तर उत्तम.

चारला हेडसर आले. मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघितलं. "सर, कोट आज देता येत नाही."

"का?" हेडसर गरजले.

खिशातून बिजागरी करकरली. हेडसर एक पाऊल मागे सरले. असं त्यांना कुणी उलट उत्तर दिल्याचं कुणालाच आठवत नव्हतं. मास्तरांनी सगळं सांगितलं. नात, मागचं पिल्लू, हाताची चूक. जुना कोट उसवलेला आहे, हेही सांगावं लागलं. हेडसरांनी वाकून खिशाकडे पाहिलं.

"म्हणजे हिला ऊब पाहिजे आणि मला कोट," ते शेवटी म्हणाले, इतक्या हळू की मास्तरीणबाईंना जवळ यावं लागलं. "घाला अंगात."

अटी मास्तरीणबाईंनी घातल्या. ओरडायचं नाही, धपकन बसायचं नाही, डावा हात हलवायचा नाही, कुणाला मिठी मारायची नाही. आणि त्या पाळल्या जातात का हे बघायला मास्तरांना घेऊन त्याही समारंभाला गेल्या.

हेडसर व्यासपीठावर अंड्यावरून चालल्यासारखे गेले. भाषण सुरू झालं तेव्हा पहिल्या रांगेला वाटलं, माईक बिघडला. हेडसर कुजबुजत होते. बत्तीस वर्षं त्यांचं बोलणं टाळत आलेली माणसं खुर्च्या सरकवून पुढे झाली. सरांना गहिवरून आलं असं समजून शिपायाने डोळे पुसले. टाळ्या सुरू होणार तोच मास्तरीणबाई उठून सभागृहाकडे वळल्या आणि त्यांनी अशी नजर फिरवली की वर उचललेले हात तिथेच थांबले.

मग पी.टी.चे सर उठले. ते मिठीसाठी प्रसिद्ध होते, एकदा त्यांच्या मिठीत हिशेबनिसाची बरगडी मोडली होती. दोन्ही हात पसरून ते हेडसरांकडे धावले. हेडसरांनी मदतीसाठी इकडेतिकडे पाहिलं, ओरडता येत नव्हतं. आणि जो माणूस कधी चारचौघांत खोकलासुद्धा नव्हता, तो शिंपी तीन पायऱ्या चढून मध्ये शिरला. पी.टी. सरांनी डोळे मिटले होते. त्यांनी मास्तरांना कवटाळलं, जमिनीपासून वीतभर उचललं आणि बराच वेळ रडले. मास्तरांनी हूं की चूं केलं नाही.

दिवेलागणीला शिक्षकांच्या खोलीत दिवा न लावता दोघं बसले होते. मास्तर बरगड्या दाबत, हेडसर पुतळ्यासारखे. कोटाच्या आतून आधी दोन काळे डोळे बाहेर आले, मग मिशा. बाईसाहेब खांद्यावर चढल्या. पोटाशी लोंबकळत, गुलाबी, जिवंत, पिल्लू.

"मास्तर," हेडसर ओठ न हलवता म्हणाले, "आता श्वास घेऊ का?"

तेवढ्यात मास्तरांचा फोन थरथरला. नात होती.

"आजोबा, पिल्लू कसं आहे?"

"छान आहे. खांद्यावर आहे."

"तुमच्या?"

"तुमच्या हेडसरांच्या."

नात त्याच शाळेत शिकलेली. मग तिने घाबरतच विचारलं, "ते ओरडत नाहीयेत?"

मास्तरांनी अंधारात वळून पाहिलं. हेडसर खांद्याकडे मान कलती करून पिल्लाला अगदी हळू काहीतरी सांगत होते. बहुधा भाषणातला राहून गेलेला भाग असावा.

"नाही गं," मास्तर म्हणाले, "बोलतायत."