पुल, प्पुल, फुल

कुकटपल्लीच्या कारखान्यात मी पत्रा दाबायच्या प्रेसवर होतो. बाजार नुकताच खुला झाला होता आणि आमच्या मालकांनी एका कोरियन कंपनीशी करार केला होता. काही कामगार प्रशिक्षणाला तिकडे जाणार होते, त्यात माझं नाव होतं. थोडीफार भाषा यावी म्हणून पाळी संपल्यावर कॅन्टीनमध्ये वर्ग सुरू झाला. शिकवायला तारनाक्याहून एक तेलुगू बाई यायच्या. नवऱ्याच्या नोकरीमुळे त्या काही वर्षं सोलला राहिल्या होत्या.

घरात मराठी, गल्लीत दखनी, कामावर तेलुगू. आणखी एक भाषा काय जड जाणार, असं मला वाटलं. अक्षरं पटकन आली. अडलो ते उच्चारांवर. पुल म्हणजे आग. ओठ घट्ट आवळून, हवा न सोडता प्पुल म्हटलं की शिंग. ओठ मिटून हवा जोरात सोडली की फुल, म्हणजे गवत. इतरांना हळूहळू फरक कळू लागला. मला तिन्ही सारखेच ऐकू यायचे.

बाईंनी तोंडासमोर कागद धरला. फुल म्हणताना तो फडफडायचा. मग मी निदान गवत तरी बरोबर ओळखू लागलो. त्या खूश झाल्या. म्हणाल्या, "आता भिंतीकडे तोंड करून बसा."

मी पाठ फिरवली आणि प्रत्येक शब्दाला 'आग, आग' म्हणत राहिलो. मागे हशा पिकला, मग एकदम थांबला. बाई माझ्या समोर येऊन उभ्या राहिल्या.

"कान दाखवून घ्या," त्या म्हणाल्या. "तुमच्या जिभेत काही दोष नाही."

मलकपेठेतल्या डॉक्टरांनी कानांवर हेडफोन चढवला. शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं. मध्येच शिट्ट्या थांबल्या. मला वाटलं, यंत्र बिघडलं. ते चालूच होतं.

"प्रेस पे काम करते ना? बारीक आवाजां चले गए आपके. वापस नहीं आते."

"पण मी सगळ्यांशी बोलतो की," मी म्हटलं.

"आदत की ज़बान है. आधा सुनते, आधा अंदाज़े से समझ लेते. नई ज़बान में अंदाज़ा कैसे लगाते?"

घरी येऊन बायकोला सांगितलं.

"मला वाटायचं, तुमचं लक्षच नसतं," ती म्हणाली. "पोरीलाही तेच वाटतं. गणिताचे मास्तर मारतात, असं तिने तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही 'छान' म्हणालात."

मला तो दिवस आठवला. मी मोरीत हात धूत होतो, नळ चालू होता, ती मागे उभी होती. मी 'मार्क' असं काहीतरी ऐकलं होतं.

"मग?"

"मग मी शाळेत जाऊन आले. तुम्हाला परत काय सांगायचं?"

मुलगी आतल्या खोलीत अभ्यास करत होती. मी तिच्याजवळ बसलो. "त्या दिवशी मला ऐकूच आलं नव्हतं गं," म्हटलं. तिने मान वर केली. "आता नाही मारत, बाबा," असं ती मोठ्याने, सुटं सुटं बोलली आणि पुन्हा वहीत बघू लागली.

डॉक्टरांचा रिपोर्ट बघून कोरियाला माझ्या जागी दुसऱ्याला पाठवलं. धोक्याची घंटा ऐकू न येणारा माणूस आम्ही कसा पाठवणार, असं साहेब म्हणाले. तक्रार केली तर आहे ती नोकरीही जाईल, म्हणून मी गप्प राहिलो आणि कानात कापूस घालून त्याच प्रेसवर उभा राहिलो. पुढे तिकडची यंत्रं आली, माणसं कमी लागू लागली, तेव्हा मला गोडाऊनमध्ये टाकलं.

मुलगी त्यानंतर माझ्यासमोर येऊन बोलायची. जेवायला या, मी निघाले, आईने बोलावलंय, एवढंच. बाकी सगळं ती स्वयंपाकघरात आईला सांगायची. मी दारातून बघायचो. दोघी कशावर तरी हसत असायच्या.