एका पायाचा ब्रेक

मोबाइलवर बघून माणसं घरी पनीर करतात, मी मोटार केली. भंगारातलं इंजिन, स्वतः वेल्डिंग केलेला सांगाडा आणि दोन सीट. लातुरात आमच्या गल्लीनं मनापासून कौतुक केलं, "ह्ये ट्रॅक्टर हाय का पाळणा?" एवढंच विचारलं. मला त्या गाडीतून लोह्याला सासुरवाडीला जायचं होतं. बायको शेजारी बसलेली आणि दारात तोंड वासून उभे मेहुणे, इतकं साधं स्वप्न.

बायको मात्र बसायला तयार नव्हती. ब्रेक लावायचा तर मला दोन्ही पाय रोवून सीटवरून अर्धं उठावं लागायचं. मी त्याला मजबूत ब्रेक म्हणायचो. ती म्हणाली, "माज्या एका पायानं थांबली तर बसते. न्हाईतर तुमी जावा फुडं, मी एसटीनं येते."

मी पेडल घेऊन लेथवाल्या चाचांकडे गेलो. त्यांनी ते उलटसुलट करून बघितलं. "भाई, ब्रेकचा दांडा लई खाली जोडलाव. वर घ्या, पेडल जिथं टांगलंय त्या पिनेजवळ. पाय हलका होतो. पर पेडल खोल जातंय, खाली जागा ठिवा." मी पडलो शिकलेला माणूस. 'पाय हलका होतो' एवढं नीट ऐकलं, बाकीचं ऐकायची गरज वाटली नाही. चाचांनी वर नवं भोक पाडून दिलं.

घरी जोडून पेडल हातानं दाबलं, तर अगदी अलगद गेलं. मी भलताच खूश झालो. इंजिनमुळे पायाखालचा पत्रा तापायचा, म्हणून बायकोचे पाय भाजू नयेत यासाठी जुन्या वाकळेची चौपदरी घडी पेडलखाली अंथरली. लग्नाला बारा वर्षं झाली, आणि प्रेम दाखवायला मी नेमका तोच दिवस निवडला.

गावाबाहेरच्या मोकळ्या रानात ती चालवायला बसली. मोटार तिला माझ्यापेक्षा बरी येते. थोडं पुढं जाऊन तिनं ब्रेक दाबला. पेडल खाली गेलं आणि वाकळेवर निवांत टेकलं. गाडी सोयाबीनच्या भुसकटाच्या ढिगात शिरली.

ती केसांतलं भुसकट काढत उतरली. वाकळ ओढून काढून तिनं माझ्या खांद्यावर टाकली, गाडी मागं घेतली आणि म्हणाली, "आता तुमी समोर हुबं ऱ्हावा."

"कशाला?"

"लोह्यापतूर मला बसवून न्यायला निघालाव न्हवं? मग ऱ्हावा की."

मी उभा राहिलो. गाडी यायला लागली.

गाडी मस्त थांबली, एका पायावर. माझ्या जागेच्या चांगली पाच हात अलीकडे. मी मात्र केव्हाच बांधापलीकडे उडी मारली होती.