गवती चहाचं तेल

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. दुसऱ्या दिवशी मला बघायला पाहुणे येणार होते, म्हणून मी बारामतीहून नरसिंहपूरच्या एसटीत बसले होते. गवती चहाच्या तेलानं चेहरा उजळतो, असं मैत्रिणीनं सांगितलं होतं. मला दम निघेना. शेजारच्या अनोळखी बाईंना हे सगळं सांगत सांगतच मी बाटली उघडली, तर त्यांनी माझं मनगटच धरलं.

"अगं बया! नुसतं तेल तोंडाला? उद्या पाव्हणं काय टमाट्याला पसंत करणार हायत व्हय?"

मी फिस्सकन हसले. त्यांनी स्वतःच्या लग्नात गालांना लवंगेचं तेल चोपडलं होतं. सगळ्या फोटोंत तोंडावर पदर, हे सांगताना त्या माझ्याच मांडीवर थापा मारत हसत होत्या. मग पिशवीतलं खोबरेल त्यांनी तळहातावर ओतलं, त्यात माझ्या तेलाचा एकच थेंब टाकला आणि ते माझ्या कोपराच्या आतल्या बाजूला लावलं.

"रातभर ऱ्हाऊ दे. खाज न्हाय सुटली, तर असंच मिसळून केसाला लाव. तोंडाला न्हाय."

वास गाडीभर पसरला. कंडक्टर म्हणाला, "मावशी, तिकीट फाडू का चहा टाकू?" मग तर अख्खी गाडी हसायला लागली.

निरवांगीला त्या उतरल्या. गाडी हलताना खिडकीखालून ओरडल्या, "पोरी, तू बी त्याला नीट बघ हां!"

पाहुण्यांना मीही बघू शकते, हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पोह्यांच्या बश्या ठेवल्या, मान वर केली आणि मुलाकडं पोटभर बघून घेतलं.

लाजला तो बिचारा!