वहिनीचं अक्षर

भावानं पसंत केलेली मुलगी बघायला मी गुपचूप तिच्या कॉलेजात गेले आणि तिलाच माळीण समजले! बागेत उकिडवी बसून ती ओंडक्यावरची बुरशी खरवडत होती. मी विचारलं, "अगं, रसायनशास्त्राच्या मॅडम कुठे भेटतील?" तर म्हणते, "त्या कामात आहेत." आजही आठवलं की हसू आवरत नाही.

तर आमची ही वहिनी बावीस वर्षं झाडांच्या साली, शेवाळं आणि बुरशा उकळून नवं औषध शोधतेय. जंतू मारणारा एकच अर्क हाती लागलाय. त्यातलं नेमकं काय जंतू मारतं, ते अजून कळायचंय. पण विभागप्रमुखांच्या ती डोळ्यांत सलते. परवा त्यांनी फर्मान काढलं, 'लेबल वाचता येत नाही अशा बाटल्या फ्रीजमधून काढून टाकाव्यात.' आणि वहिनीचं अक्षर म्हणजे कुत्र्या-मांजरांचे पाय!

घरी विसरलेला तिचा चष्मा द्यायला मी गेले, तर प्रमुख नेमकी त्याच अर्काची बाटली धरून उभे.

"तुमच्या या घाणीत विभागाची बावीस वर्षं गेली!"

"तुमची मीटिंगांत गेली, सर."

"हे लेबल वाचता येत नाही. टाका!"

वहिनीनं चष्मा चढवला. "पिवळी बुरशी, सडका ओंडका, बाटली नववी. मला येतं की."

"मला येत नाही ना!"

"कुणाला वाचता यायला हवं, ते फर्मानात कुठंय?"

प्रमुखांनी स्वतःचाच कागद दोनदा वाचला, उलटूनही पाहिला.

"बाटली आत ठेवा, सर," वहिनी म्हणाली. "हातात तापतेय."

त्यांनी ठेवली.