सहा लाकडी, एक पिवळा

"त्यानं हात केला!"

"कान खाजवला त्यानं, ऑड्री."

"एवढ्या वळणावर स्टिअरिंग सोडून कोण कान खाजवतं?"

"ज्याच्या कानाला खाज सुटते तो. आणि केलाच असेल हात, तर आपल्या मागच्या पांढऱ्या मोटारहोमला. आपल्याला कोण करतंय?"

"तू जरा गप्प बसशील, विल्फ?"

"मी गप्पच होतो. तूच मघापासून विचारतेयस, केला ना हात, केला ना हात!"

ऑड्री चार्लटनने गिअर असा टाकला की मागच्या ओट्यावरची किटली खाली आली. मग फार्मचं फाटक येईपर्यंत विल्फ ती मांडीवर धरून बसला.

इंग्लंडातल्या नॉर्थम्बरलँडच्या किनाऱ्याने चाकांवरचं घर घेऊन हिंडणाऱ्यांचा रिवाज आहे. समोरून दुसरं तसलंच घर आलं की हात करायचा. त्याला ओळख लागत नाही, पण गाडी तशी दिसावी लागते. ऑड्रीची गाडी म्हणजे जिल्ह्याची जुनी फिरती लायब्ररी. सव्वीस वर्षं तीच ती चालवत होती. बत्तीस खेडी, दर पंधरवड्याला एक फेरी. ती निवृत्त झाली त्याच वर्षी गाडीलाही मोडीत काढायचं ठरलं, तेव्हा ऑड्रीने ती विकत घेतली. विल्फने पुस्तकांच्या फळ्या काढून पलंग बसवला, 'बालविभाग' लिहिलं होतं तिथे शेगडी आली. बाहेरचा हिरवा पट्टा मात्र तिने पुसू दिला नाही.

त्या सव्वीस वर्षांत हा हिरवा पट्टा दिसला की म्हाताऱ्या कुंपणाशी येऊन उभ्या राहायच्या. आता गाडी तीच, रस्ते तेच, बाईही तीच, आणि समोरचे लोक असे बघायचे, जशी काही कचऱ्याची गाडी चुकून सहलीला निघालीय.

ऑड्रीला काय हवं होतं? माणसं. पायरीवर टेकणारी, 'आता काय वाचू' विचारता विचारता घरातलं सगळं सांगून मोकळी होणारी. विल्फ चांगलाच होता हो, पण विल्फ एकच होता.

म्हणून तर ती हॉलोडन फार्मवर आली. समुद्राकडच्या त्या माळावर दर उन्हाळ्यात 'उत्तर किनारा मंडळ' सहा आठवडे उतरायचं. सात गाड्या, सात घरं. पाहुण्याला आठवडाभराची मुभा. त्यानंतर कायमचं यायचं असेल तर बिस्किटांचा रिकामा डबा फिरायचा आणि प्रत्येक घर त्यात कपडे वाळत घालायचा एक चिमटा टाकायचं. लाकडी म्हणजे हो, प्लास्टिकचा म्हणजे नाही. सातही लाकडी निघाले तरच सभासद. कुणी कुठला टाकला, हे विचारायचं नाही.

पहिल्या दिवशी तिच्याकडे कुणी फिरकलं नाही. फक्त मंडळाचे सेक्रेटरी जेरल्ड हार्टनॉल हात पाठीमागे बांधून आले. त्यांची मोटारहोम इतकी लांब की दर वर्षी ती आत घेताना शेतकऱ्याला फाटकाचा एक खांब उपटावा लागे.

"हे... चालतं?" लायब्ररीकडे बघत त्यांनी विचारलं.

"चालवतच आणलीय, मिस्टर हार्टनॉल."

"हं," म्हणून ते गेले.

दुसऱ्या दिवशी दारात एक ठेंगणी बाई उभी. "साखर आहे का गं? नसली तरी मी बसणारच आहे." ही पॉलीन. समोरच्या छोट्या मलईरंगी कॅरव्हॅनमध्ये एकटीच राहायची, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. ती बसली ती जेवणाच्या वेळेपर्यंत. जाताना म्हणाली, "थांब, बाकीच्यांना पाठवते. सगळ्या मेल्या पडद्याआडून बघतायत नुसत्या."

आणि खरंच पाठवलं. बुधवारपासून लायब्ररीच्या पायरीवर जागा मिळेना. हार्टनॉलबाईसुद्धा यायच्या, नवऱ्याची नक्कल करून दाखवायच्या आणि स्वतःच डोळे पुसेपर्यंत हसायच्या. ऑड्री रोज झोपताना विल्फला सांगायची, "झालं बघ आपलं काम."

शनिवारी चहाच्या वेळी सगळ्यांसमोर डबा उघडला. सहा लाकडी. एक पिवळा.

हार्टनॉलांनी झाकण परत लावलं. कुत्रीसुद्धा भुंकायची थांबली होती, असं विल्फ नंतर सांगायचा, पण विल्फचं काही खरं नाही.

रविवारी सकाळी सगळ्यांत आधी पॉलीन आली. बेकन घातलेले पाव घेऊन. तिने ऑड्रीचे दोन्ही हात धरले आणि ढसाढसा रडली. पाव विल्फने खाल्ले.

मग एकेक जण येऊ लागला. पहिलं जोडपं आल्याचा केक घेऊन आलं.

"आमचा लाकडी होता हं, ऑड्री. शपथ."

"मी कुठे काय म्हटलं?"

"नाही, तरी. सांगितलेलं बरं."

दुसरी रुबार्बच्या आंबट देठांचा मुरंबा घेऊन. "आमचा तर लाकडीच. मीच टाकला, माझ्या या हाताने." तिसरे, चौथे, पाचवे. दुपारपर्यंत ओटा भरला आणि विल्फला जोर चढला.

"पाच घरं सांगून गेली. राहिलं कोण? तो हार्टनॉल! आणखी काय पुरावा हवा तुला?"

"पॉलीन पण राहिली."

"पॉलीन? अगं, सकाळी तुझ्यापेक्षा जास्त रडली ती!"

"रडली. पण चिमट्याचं काही बोलली नाही."

"कारण तिला बोलायची गरज नाही! तू पण ना!"

ऑड्रीला विल्फचं पटलं. पटलं म्हणूनच ती तरातरा हार्टनॉलांकडे गेली. ते घडीच्या खुर्चीत बसून गाडीचे आरसे पुसत होते.

"विचारायचं नसतं, ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "तरी विचारते."

"मिसेस चार्लटन, मला तुमची गाडी आवडत नाही. सकाळी पडदा सरकवला की वाटतं, आपलं कुठलंतरी पुस्तक परत करायचं राहिलंय." त्यांनी फडकं घडी करून ठेवलं. "पण माझा चिमटा लाकडी होता."

"का?"

"माझी बायको तुमच्या पायरीवर चार दिवस हसतेय. माझ्यावरच, कल्पना आहे मला. पण हसतेय." ते खाकरले. "मी तोंडाचा वाईट आहे, खोटारडा नाही. आणि ऐका. उद्या निघण्याआधी तुम्ही स्वतः सगळ्यांसमोर उभं राहून मागितलंत, तर डबा आणखी एकदा फिरवता येतो. एकदाच."

ऑड्री माळाच्या मधोमध उभी राहिली. ज्याचा राग राग करत ती आली होती, त्याने तिला हो म्हटलं होतं. मग आता राग न्यायचा कुठे? समोर पॉलीनच्या खिडकीत दोन कप मांडलेले दिसत होते. दोनच. जणू ती येणार हे ठरलेलंच होतं.

"ये," पॉलीन म्हणाली. "साखर दोन चमचे ना?"

"पॉलीन, तुझा लाकडी होता?"

पॉलीनने चहात साखर ढवळली. "नाही."

ऑड्री बसली. उभं राहायचं होतं, पण बसली.

"आमचीही अशीच होती," पॉलीन सांगू लागली. "दूधवाल्याची जुनी गाडी. माझ्या नवऱ्याने, लेनने, स्वतः बांधली, दोन हिवाळे लागले त्याला. पडदे मी शिवले. तीन वर्षं इथे पाहुणे म्हणून आलो, तीनदा डबा फिरला, तीनदा नाही आलं. तेव्हाचे सेक्रेटरी म्हणाले, घरी बनवलेल्या गाड्या घेतल्या तर उद्या कुणीही उठून येईल, आणि तसा नियमच केला. मग लेन गेला. दुसऱ्या वर्षी मी त्याची गाडी विकली आणि ही घेतली, कारखान्यातली. पहिल्याच खेपेला घेतलं मला. सगळे लाकडी."

"पण आता तसं काही राहिलेलं नाही ना?"

"नाही. हार्टनॉलने तो नियमच काढून टाकला. चांगलं केलं. सगळे म्हणतात चांगलं केलं." तिने चमचा बशीत ठेवला. "तू तुझी लायब्ररी घेऊन आत येणार आणि मी टाळ्या वाजवणार. मग मी लेनची गाडी कशापायी विकली, ऑड्री?"

ऑड्रीकडे बत्तीस खेड्यांचा अनुभव होता. कुणाला काय द्यावं हे तिला माणूस पायरी चढताचढताच कळायचं. आत्ता तिने नुसतंच विचारलं.

"सकाळी रडलीस ते?"

"ते खरंच होतं गं."

"आणि चिमटा?"

"तोही खराच."

"मला काही कळत नाहीये, पॉलीन."

"मला तरी कुठे कळतंय? पण हार्टनॉलने तुला पुन्हा मागायला सांगितलं असेल. नको मागूस. मागितलंस तर मी परत तेच टाकीन, मी ओळखते स्वतःला." पॉलीन पुढे सरकली, तिने ऑड्रीचा कप भरला, भरलेला होता तरी. "त्यापेक्षा माझी पाहुणी म्हणून ये. दर वर्षी, आठवडाभर. माझ्या शेजारची जागा तुझी. सकाळचा चहा माझ्याकडे, दुपार तुझ्या पायरीवर. सगळ्यांना आवडतेस तू, मला तर सगळ्यांत जास्त. मग सभासद काय आणि पाहुणी काय, सांग ना, फरक काय पडतो?"

बाहेर कुणीतरी तंबूचा खुंटा ठोकत होतं. ऑड्रीने स्वेटरची बटणं लावली, एक चुकलं, ते तसंच राहू दिलं.

"ऑड्री? येशील ना?"

"फरक पडतो, पॉलीन," म्हणत तिने कप उचलून मोरीत ठेवला, कॅरव्हॅनचं दार उघडलं आणि दोन्ही पायऱ्या उतरून गवतातून आपल्या लायब्ररीकडे चालू लागली.