विहिरीच्या मापाचा दोर

आमच्याकडं शेतात मोठा दोर एकच असतो. विहिरीतून मोटार काढायचा, विहिरीच्या खोलीएवढाच तोडलेला. ट्रॅक्टर फसला, आणा तोच. झाड पाडायचं, आणा तोच. कोल्हारच्या आमच्या मळ्यातली निलगिरी वादळात गोठ्यावर कलली, तेव्हाही दिरानं तोच काढला. त्याचा बेत असा: दोराचं एक टोक झाडाला, दुसरं ट्रॅक्टरला. त्यानं मशीननं बुंधा कापायचा आणि माझ्या नवऱ्यानं ट्रॅक्टर चालवून झाड गोठ्याच्या उलट बाजूला, वावरात ओढायचं.

मी विचारलं, "आणि झाड दोरापेक्षा उंच निघालं तर?"

"वैनी, तुमी चहाचं बघा. लई झाडं पाडलीत आमी."

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. माझं माहेर राजूरकडचं, वडलांचा जन्म लाकूडतोडीत गेला. मी तुरीची एक काठी मुठीपासून डोळ्यापर्यंत भरेल एवढी मोडली, हात लांब करून उभी धरली आणि मागं मागं सरकत गेले. काठीत झाड बुडापासून शेंड्यापर्यंत मावलं तिथं थांबले. तिथून बुंध्यापर्यंत जेवढं अंतर, तेवढं झाड उंच. ट्रॅक्टर दोराच्या टोकाला, माझ्यापेक्षा झाडाच्या कितीतरी जवळ, म्हणजे ते पडेल त्या वाटेतच उभा होता. आणि नवरा सीटवर बसून मोबाईल बघत होता!

मी गेले, ट्रॅक्टरची किल्ली काढली आणि ब्लाउजात टाकली. या म्हटलं आता घ्यायला.

"अगं, दोन मिनिटांचं काम हाय," नवरा म्हणाला.

"दोन मिनिटांच्या कामापायी मला कुंकू पुसायचं नाही."

सासरे बांधावरून ओरडले, "चारचौघांत काय तमाशा लावलाय?"

"तमाशा तर तमाशा. शेजारच्या विहिरीवरचा दोर आणा, दोन्ही जोडा. शिडी लावून झाडाला वर बांधा, कमरेएवढ्यावर नको. मोटार वर घ्यायची चेनकुप्पी वावरातल्या त्या लांबच्या चिंचेला अडकवा आणि साखळीनं सावकाश ताण द्या."

बडबडत का होईना, केलं सगळ्यांनी. ट्रॅक्टर बाजूला घेण्यापुरती किल्ली दिली आणि परत घेतली. दीर थोडं कापायचा, नवरा चिंचेपाशी उभा राहून साखळी ओढायचा. दोर ताठ झाला, निलगिरी गोठ्यावरून हळूहळू सरळ झाली, क्षणभर थांबली आणि कडकड करत वावरात आली.

धुरळा बसल्यावर बघितलं. शेंडा ट्रॅक्टरच्या चाकांच्या खुणा ओलांडून चांगला पुढं पडला होता. चिंच त्याच्याही पलीकडं होती. नवरा त्या खुणांकडं बघत साखळी हातात धरून तसाच उभा राहिला.

"एवढं काय न्हाई," दीर म्हणाला. "झाड येताना दिसतंच की. उडी मारली असती त्यानं."

मग मात्र माझा बांध फुटला. सासऱ्यांसमोर, शेजाऱ्यांसमोर मी रडत रडत ओरडले. त्याची मला तेव्हा लाज वाटली नाही, आजही वाटत नाही.

"झाड तुमचं, दोर तुमचा, ट्रॅक्टर तुमचा. सीटवर बसला होता तो माणूस माझा!"