मिस्त्रींची गाडी, बाईंचे कान

गल्लीच्या टोकाला मिस्त्रींचं गॅरेज आणि त्याला लागूनच त्यांच्या बायकोचं शिवणकाम. मध्ये एक भिंत, भिंतीत एक दार, आणि ते दार दिवसभर सताड उघडं. मिस्त्रींची ख्याती अशी, की गाडी गल्लीत वळली की तिला काय झालंय ते नुसत्या आवाजावरून, हातातलं काम न सोडता सांगायचे.

पण साठी उलटली आणि कान दगा देऊ लागले. घरघर, खडखड ऐकू यायची. बारीक, चिरके आवाज मात्र गायब. मिस्त्रींनी हे कोणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

एका सकाळी बेकरीवाला आपली व्हॅन घेऊन आला. "दोनदा नवा बेल्ट टाकला दुसरीकडे, तरी किंचाळते. सगळी वस्ती जागी होते, पाव घ्यायला मात्र कोणी येत नाही."

मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, इंजिन चालू करायला लावलं आणि मान तिरकी करून ऐकलं. "चांगली तर चाललीय," ते म्हणाले.

बेकरीवाल्यानं दोन्ही कानांत बोटं घातली होती. तो मिस्त्रींच्या तोंडाकडे बघतच राहिला.

गळ्यात टेप अडकवलेली बाई दारात येऊन उभी होती. तिनं नवऱ्याकडे पाहिलं आणि काय ते ओळखलं. काही न विचारता ती गाडीजवळ गेली. "अहो, सुरी दगडावर घासावी तसा आवाज आहे. या बाजूनं येतोय."

मिस्त्री क्षणभर ओशाळले. मग म्हणाले, "आधी बाही वर घे. फिरत्या बेल्टजवळ सैल कपडा नको." त्यांनी बाटलीतून बेल्टवर थोडं पाणी उडवलं. "आता?"

"वाढला की."

मिस्त्रींचे डोळे चमकले. "म्हणजे बेल्ट सैल पडून घसरतोय. पण बेल्ट तर नवा." ते वाकून बघू लागले. बेल्टला दाबून ताणून धरणारा स्प्रिंगचा दांडा एका जागी राहायला तयार नव्हता. थंडी वाजल्यासारखा थडथडत होता. इंजिन बंद करून त्यांनी बेल्ट उतरवला, दांड्यावरची पुली बोटांनी फिरवली. आत वाळू भरल्यासारखी ती खरखरली.

"टेन्शनर गेलाय," मिस्त्री म्हणाले. "याच्या अंगात जोरच उरला नाही. गाडीला टेन्शन कमी पडतंय."

"माझ्याकडे भरपूर आहे," बेकरीवाला म्हणाला. "लागेल तेवढं काढून घ्या."

नवा टेन्शनर दुपारी आला. मिस्त्रींनी तो बोल्ट कसून बसवला आणि लांब पान्यानं दांडा मागे रेटून धरला. बाईनं बेल्ट एकेका पुलीवरून ओवला, खाचेत नीट बसलाय ना ते बोट फिरवून पाहिलं. आयुष्यभर शिलाई मशीनला पट्टे चढवलेला हात तो, चुकणार कुठे?

गाडी चालू झाली. दांडा आता स्थिर होता.

"काय ऐकू येतंय?" मिस्त्रींनी विचारलं.

"काही नाही."

"मलाही," मिस्त्री म्हणाले, आणि दोघं इतकी हसली की बाईला बॉनेटचा आधार घ्यावा लागला.

बेकरीवाला गेल्यावर ती हात पुसत म्हणाली, "वर्षभर मला वाटत होतं, तुम्ही माझं बोलणं मुद्दाम टाळता."

"ते कधी कधी मुद्दामच."

पुढच्याच आठवड्यात ती त्यांना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. कानामागे छोटं यंत्र बसलं. घरी ते बरं चालतं. गॅरेजमध्ये हातोडा पडला की मिस्त्री वैतागून काढून खिशात टाकतात. मग भिंतीपलीकडे हाक जाते, "अगं, येतेस का जरा?" शिलाई थांबते आणि बाई बाह्या वर सारत येते. आता तर काही गिऱ्हाइकं गाडी आत घ्यायच्या आधीच विचारतात, "बाई आहेत ना?" मिस्त्रींना याचा राग येत नाही. उलट दाराकडे बोट दाखवताना त्यांची छाती दोन इंच फुगलेली असते.